वाचकांचे प्रश्न : माझ्या फोनवर नीट दिसतं, तिच्या फोनवर का बिघडतं?

गेल्या अंकात मी जाताजाता लिहून गेले होते की अ‍ॅप एकाच फोनवर पाहून पास करू नका. त्या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. विद्यार्थिनी, दुकानदार, निवृत्त गुरुजी, सगळ्यांचं दुखणं एकच: एका फोनवर सरळ बसलेलं पान दुसऱ्या फोनवर कलंडतं. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. मिरजेत सध्या दुपारी लाइट जातेय, तेवढ्यात जमली तेवढी उत्तरं लिहिली.

प्रश्न : मी फ्लटरमध्ये (अ‍ॅप बनवायचं गूगलचं साधन) भिशीच्या हिशेबाचं अ‍ॅप करतेय. माझ्या फोनवर सभासदांची यादी छान दिसते. रूममेटच्या फोनवर उजव्या कडेला पिवळे-काळे पट्टे येतात आणि त्यावर ‘राइट ओव्हरफ्लोड बाय ३४ पिक्सेल्स’ असं लिहून येतं. दोघींचे फोन १०८० पिक्सेल रुंदीचेच आहेत, मग फरक कुठून आला? एक सिनिअर म्हणतो, पडद्याच्या रुंदीला ३७५ ने भागायचं आणि येईल त्या आकड्याने सगळी मापं गुणायची. तसं करू का? सोबत एका ओळीचा कोड पाठवतेय.
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : कोड पाठवलास ते बरं केलंस, नाहीतर मला अंदाजपंचे बोलावं लागलं असतं. आधी बेरीज करू. दोन्ही कडांना १६-१६, फोटोला ४८, मग १२ ची फट, नावाच्या खोक्याला २००, पुन्हा १२, आणि रकमेला ९०. झाले ३९४. त्यातले ३४ जास्त होतायत, म्हणजे मैत्रिणीचा पडदा ३६० चा. तुझा नक्कीच ३९४ हून मोठा आहे. मीडियाक्वेरीतून (फ्लटरची पडद्याची मापं सांगणारी सोय) रुंदी छापून बघ, बहुतेक ४११ येईल.

पिक्सेल सारखे असताना हे ३६० आणि ४११ कुठले? पट्ट्यावर पिक्सेल लिहिलेलं असलं तरी फ्लटर खरे ठिपके मोजत नाही. अँड्रॉइडवाले ज्याला डीपी म्हणतात, तेच हे माप. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन आला, त्याचा पडदा ३२० बाय ४८० पिक्सेलचा होता, आणि इंचाला १६० ठिपके हा पाया धरला गेला. त्या पायावर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल. ठिपके दाट झाले की एका डीपीत जास्त पिक्सेल जातात. म्हणून १०८० ला १६० ने गुणायचं आणि घनतेने, म्हणजे इंचातल्या ठिपक्यांच्या आकड्याने, भागायचं. घनता ४२० असेल तर उत्तर येतं साधारण ४११, आणि ४८० असेल तर बरोब्बर ३६०. बरं, कंपनीने दिलेली घनता तरी कायम राहते का? तीही नाही. सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले साइझ’ नावाची पट्टी अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. तुझ्या आईने ती एक घर पुढे सरकवली की तोच फोन तुझ्या अ‍ॅपच्या हिशेबाने अरुंद झाला.

इलाज सोपा आहे. नावाचे २०० आणि रकमेचे ९० दोन्ही काढून टाक. नाव ‘एक्स्पान्डेड’मध्ये गुंडाळ आणि रकमेला रुंदी देऊच नकोस. फ्लटरची ‘रो’, म्हणजे आडवी रांग, आधी एक्स्पान्डेडबाहेरच्या ताठ मंडळींना विचारते, बाबांनो तुम्हाला किती लागतं? त्यांची सोय लावून जे उरेल ते एक्स्पान्डेडच्या पदरात टाकते. रक्कम पाच आकडी झाली तरी पूर्ण दिसेल, आणि लांबलचक नाव दोन ओळींत जाईल. नाव दोन ओळींत गेल्याने कुणाचं काही बिघडत नाही. भिशीत रक्कम कापली गेली तर बायका तुला सोडणार नाहीत. कंपोजमध्ये, म्हणजे अँड्रॉइडचे पडदे रचायच्या गूगलच्या साधनात, हेच काम ‘वेट’ करतो. नाव वेगळं, रीत तीच.

आणि त्या पट्ट्यांचा राग मानू नकोस. ते फक्त डीबगमध्ये, म्हणजे अ‍ॅप बनवताना चालवून बघतो तेव्हा, दिसतात. प्ले स्टोअरवर चढवलेल्या अ‍ॅपमध्ये पट्टे नसतात; रक्कम मुकाट्याने पडद्याबाहेर निघून जाते आणि तुला पत्ता लागत नाही.

आता सिनिअरचा सल्ला. ३७५ हा आकडा आयफोनचा. २०१४ च्या आयफोन ६ ची रुंदी ३७५ पॉइंट (अ‍ॅपलचं डीपीसारखं माप) होती, ती डिझायनरांच्या चौकटीत चिकटून बसली ती बसलीच. त्याचं सूत्र वापरून बघ काय होतं. ३२० च्या पडद्यावर गुणक येतो ०.८५. १६ चं अक्षर साडेतेराच्या आसपास येतं, ४८ चं बटण ४१ वर. लहान फोन वापरणाऱ्याचं बोट काही लहान नसतं! बोटासाठी गूगल किमान ४८ डीपी सांगतं, अ‍ॅपल ४४ पॉइंट, ते काही उगाच नाही. उलट ८०० रुंदीच्या टॅबवर गुणक २.१३, अक्षर १६ चं ३४ होतं. माणसाने पैसे घालून मोठा टॅब घेतला आणि त्यावर दिसतंय काय, तर फोनवर मावत होतं तेवढंच, फक्त झेरॉक्स मोठी काढलेली.

ही चूक मी लांबून ओळखते, कारण मीच ती केलीय. मी या धंद्यात आले ते काकांच्या छापखान्यातून, पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका लावत. पत्रिकेचा कागद एकदा कापला की ठरला; गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन तो रुंद होत नाही. त्यामुळे माझी सुरुवातीची अ‍ॅप म्हणजे पत्रिकाच होत्या, सगळं मोजून ठोकलेलं. डोक्यात प्रकाश पडला तो काकांचे जुने कंपोझिटर आठवल्यावर. हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, ओळ भरताना कुणी खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, ठोकून बारीक करत नसे. शब्दांमधल्या स्पेस कमी-जास्त करायच्या, आणि नाहीच मावला तर शब्द खालच्या ओळीत. तुझी ‘रो’ ही तीच स्टिक आहे. खिळ्याला हात लावू नकोस, स्पेसशी खेळ.

प्रश्न : माझं वय ७४. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मुलीने फोनमधलं सगळं मोठ्यात मोठं करून दिलं. वाचायला उत्तम झालं, पण बिल भरायच्या एका अ‍ॅपमध्ये रक्कम टाकल्यावर खालचं ‘पुढे’ हे बटणच दिसत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो फोन जुना झाला, नवा घ्या. माझं काही चुकतंय का?
— निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : गुरुजी, फोन ठणठणीत आहे आणि तुमचंही काही चुकलेलं नाही. नवा घेऊ नका. नव्या फोनवरही मुलगी अक्षरं मोठी करून देईल आणि बटण पुन्हा गायब होईल.

सेटिंगमध्ये दोन वेगळ्या पट्ट्या असतात. एक अक्षरांच्या आकाराची, दुसरी डिस्प्ले साइझची. पहिलीने फक्त मजकूर वाढतो. दुसरीने चित्रं, बटणं, मोकळ्या जागा सगळंच वाढतं आणि पडद्यावर मावतं कमी. मुलीने बहुधा दोन्ही शेवटपर्यंत सरकवल्या आहेत. अक्षरांची आहे तशीच ठेवा, डिस्प्ले साइझची तेवढी मूळ जागी आणा. बऱ्याच वेळा एवढ्याने बटण वर येतं. फोन आडवा धरा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. आडव्या फोनची उंची आणखी कमी, बटण आणखी खोल जातं. आणि प्ले स्टोअरवर त्या अ‍ॅपच्या पानावर ‘अ‍ॅप सपोर्ट’खाली ईमेल दिलेला असतो, त्यावर पडद्याचा स्क्रीनशॉट पाठवा. तुम्ही वह्या तपासल्या आहेत. चूक दाखवताना भीड धरू नका.

बाकीचं मी गुरुजींच्या आडून पोरांना सांगते. बटण गायब होतं कारण तुम्ही सगळं एका न सरकणाऱ्या कॉलममध्ये एकाखाली एक रचलंय आणि तुमच्या फोनवर ते नेमकं मावलंय. वरचा भाग स्क्रोलमध्ये टाका, बटण स्क्रोलबाहेर तळाला ठेवा. काही जण याहून पुढे जातात: एक ओळ लिहून अक्षरांचं प्रमाण १ वर बांधून टाकतात, म्हणजे सेटिंग काहीही असो, अ‍ॅप ढिम्म. त्यांचा पडदा शाबूत राहतो आणि गुरुजींना वाचता येत नाही. अँड्रॉइड १४ मध्ये अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात. तिथे सरसकट दुप्पट होत नाही. आधीच मोठं असलेलं शीर्षक कमी वाढतं, बारीक मजकूर जास्त. एवढी सोय सिस्टिमने करून दिल्यावर आपण अक्षरं बांधून ठेवायचं काही कारण नाही.

प्रश्न : मी फिग्मात (पडदे रेखाटायचं सॉफ्टवेअर) आधी इंग्रजी पडदे करते, मग मराठी घालते. इंग्रजीत सगळं सुबक, मराठीत बटणं फुटतात, वेलांट्यांची डोकी उडतात. डेव्हलपर म्हणतो मराठीचा फॉण्ट दोनने लहान कर. करू का?
— यूआय डिझायनर, डोंबिवली

उत्तर : नको गं. इंग्रजी वाचणाऱ्याला १६ आणि मराठी वाचणाऱ्याला १४, हा कुठला न्याय?

आपल्या लिपीचा पसारा उभा असतो. मधलं अक्षर, वर रफार, वेलांटी आणि तिच्या डोक्यावर अनुस्वार, खाली उकार. माझ्याकडे तपासणीसाठी एक ठरलेलं वाक्य आहे: ‘मूर्तींच्या चिठ्ठ्या दुरुस्त’. अर्थ शोधू नकोस, अर्थ नाहीच. पण त्यात ‘र्तीं’चा तीन मजली माळा आहे, दीर्घ ऊकार आहे आणि ‘ठ्ठ्य’सारखं जोडाक्षर आहे. हे वाक्य ज्या खोक्यात वर-खाली न कापता बसलं, त्यात मराठीतलं बहुतेक सगळं बसतं. १६ च्या अक्षराला २० उंचीची ओळ इंग्रजीत चालून जाते. मराठीत मी २६ च्या खाली जात नाही. आणि डेव्हलपरला दोन गोष्टी विचार. बटणाची उंची ४८ अशी ठोकली आहेस, की किमान ४८ म्हटलंयस? मजकुरावर फॉण्टचं पॅडिंग (वर-खालची मोकळी जागा) काढून टाकणारी कोडची ओळ लिहिलीयस का? वेलांट्या बहुतेक त्या दुसऱ्या ओळीने मारलेल्या असतात.

रुंदीचं भांडण वेगळं. तिथे अर्धा दोष भाषांतराचा असतो. ‘पासवर्ड’ सगळ्यांना कळत असताना ‘परवलीचा शब्द’ कशाला लिहायचं? ‘सेव्ह करा’ लिहिलं तरी चालतं. बटणं शेजारीशेजारी न बसवता, मावत नसतील तर आपोआप एकाखाली एक जातील अशी रचना कर. फ्लटरमध्ये त्याला ‘रॅप’ आहे, कंपोजमध्ये ‘फ्लोरो’. आणि फिग्मात पहिली चौकट मराठीची कर. मराठी मावलं की इंग्रजी बहुतेक मावतं, उलट होईलच असं नाही.

आता माझी फजिती सांगते. वाळवा तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी मी अ‍ॅप केलं होतं. दर दहा दिवसांचं बिल सभासदाला फोनवर दिसायचं: तारीख, लिटर, फॅट, दर, रक्कम. पाच रकाने, प्रत्येकाला पडद्याचा पाचवा हिस्सा. टक्केवारीत मापं दिली म्हणजे आपण मोठे हुशार, अशी माझी समजूत. एके दिवशी सकाळी सहाला संस्थेतून फोन. एक आजी काठी टेकत आल्या होत्या, हातात नातवाने अक्षरं मोठी करून दिलेला फोन. म्हणाल्या, ‘बाराशे चौऱ्याऐंशीचं बिल एकशे अठ्ठावीस कसं झालं?’

त्यांच्या पडद्यावर खरोखरच १२८ दिसत होतं. झालं होतं असं: रक्कम १२८४.५०. रकाना अरुंद, अक्षर मोठं, म्हणून आकडा मधेच तुटला आणि ‘४.५०’ खालच्या ओळीत गेलं. मी मात्र एकच ओळ दाखवायची असं लिहून ठेवलं होतं. तीन टिंबंसुद्धा नव्हती. कापलेला शब्द कापलेला दिसतो, पण कापलेला आकडा पूर्ण आकड्यासारखाच दिसतो. सेक्रेटरींनी वही काढून आजींना आकडा दाखवला, मी दिवसभर तोंड लपवून होते.

नंतर मी तो तक्ता मोडला. पडदा रुंद आणि अक्षरं साधी असतील तर पाच रकाने; नाहीतर प्रत्येक दिवसाचं एक कार्ड. वर डावीकडे तारीख, उजवीकडे ठळक रक्कम, खालच्या ओळीत लिटर, फॅट आणि दर. आजींना तसंही रक्कमच पाहायची असते, फॅट कमी लागली तर त्यांना ते म्हशीकडे बघूनच कळतं. तेव्हापासून आकडा असलेल्या कुठल्याही मजकुराला मी रुंदी बांधत नाही आणि ओळींची मर्यादाही घालत नाही.

प्रश्न : आमचं अँड्रॉइड अ‍ॅप उभंच लॉक केलेलं आहे. क्लायंटने फील्डच्या माणसांसाठी टॅब घेतले. त्यावर यादीची एकेक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली जाते. आता टार्गेट ३६ (अ‍ॅप अँड्रॉइड १६ साठी आहे असं सांगणारा आकडा) केल्यावर टॅबवर लॉकही चालेनासा झाला. टॅबसाठी वेगळं अ‍ॅप करावं का?
— अँड्रॉइड डेव्हलपर, हिंजवडी

उत्तर : वेगळं अ‍ॅप करशील तर दोन घरं सांभाळशील. लॉक गेला तो बग नव्हे. २०२५ च्या अँड्रॉइड १६ पासून, टार्गेट ३६ असेल आणि पडद्याची लहान बाजू ६०० डीपी किंवा जास्त असेल, तर उभं-आडवं लॉक करणं किंवा आकार बदलू न देणं सिस्टिम जुमानत नाही. गेम वगळले आहेत. तात्पुरती पळवाट आहे, पण ती पुढच्या टार्गेटला बंद होणार, तेव्हा त्यात जीव गुंतवू नकोस.

कोडमध्ये ‘हा टॅब आहे का?’ असा प्रश्न कुठे असेल तर आधी तो खोड. विचारायचं एवढंच: आत्ता माझ्या खिडकीला किती रुंदी मिळालीय? ८०० च्या टॅबवर फील्डवाल्याने अर्ध्यात नकाशा उघडला की तुझ्या वाट्याला ४०० उरतात, मग तो टॅब असून फोनच झाला. गूगलने यासाठी इयत्ता पाडल्यात: ६०० पर्यंत कॉम्पॅक्ट, ६०० ते ८४० मीडियम, त्यापुढे एक्स्पान्डेड. इथे एक खड्डा आहे ज्यात जवळपास प्रत्येक जण एकदा पडतो. ४११ बाय ९१४ चा साधा फोन आडवा केला की रुंदी होते ९१४, म्हणजे एक्स्पान्डेड. तुझं अ‍ॅप खुशीत टॅबची मांडणी उघडतं आणि उंची असते फक्त ४११. उंचीच्याही इयत्ता आहेत, ४८० खाली कॉम्पॅक्ट. दोन्ही बघ.

मांडणी कशी बदलायची, तर पंगत आठव. मांडव मोठा मिळाला म्हणून आपण पत्रावळी ताणून मोठ्या करत नाही, आणखी एक रांग बसवतो. कार्डांची जाळी असेल तर ‘दोन रकाने’ असं लिहू नकोस, ‘एका कार्डाला किमान १६० डीपी’ असं लिही; कंपोजमध्ये ‘ग्रिडसेल्स अ‍ॅडॅप्टिव्ह’ हेच करतं. कडेला १६ आणि मधे ८ धरले तर ३६० च्या फोनवर दोन बसतात, ८०० वर चार. यादी असेल तर रुंद खिडकीत डावीकडे यादी, उजवीकडे निवडलेल्याचा तपशील. आणि फॉर्म? तो ताणूच नकोस. कमाल रुंदी ६०० दे आणि मधे बसव. पिनकोडसाठी वीतभर लांब चौकट बघितली की मला अजून हसू येतं.

लॉक गेल्यावर एक नवीन दुखणं येईल ते आत्ताच सांगते. फील्डवाला अर्धा फॉर्म भरून टॅब आडवा करेल, अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे उघडलेला पडदा, नव्याने उभी राहील आणि भरलेलं सगळं कोरं होईल. आजवर लॉकच्या पांघरुणाखाली हे झाकलेलं होतं. कोडमध्ये ‘रिमेंबर’ जिथे आहे तिथे ‘रिमेंबर सेव्हेबल’ (पडदा नव्याने उभा राहिला तरी भरलेलं टिकवणारं) लागतंय का तपास, मोठा डेटा व्ह्यूमॉडेलमध्ये ने. हे न करता नुसती मांडणी सुंदर केलीस तर शिव्या दुप्पट खाशील.

प्रश्न : टार्गेट ३५ केल्यापासून आमच्या अ‍ॅपचं ‘ऑर्डर’ बटण फोनच्या खालच्या तीन बटणांच्या मागे जातंय. तळाला ४८ ची जागा सोडली, तर काही फोनवर ती उगाच रिकामी दिसते.
— डेव्हलपर, मडगाव

उत्तर : ४८ काढून टाका. अँड्रॉइड १५ वर टार्गेट ३५ चं अ‍ॅप पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रंगवलं जातं, स्टेटस बार आणि खालची पट्टी त्याच्यावर तरंगतात. खालची पट्टी तीन बटणांची असेल तर उंच, बोट सरकवून चालणारी असेल तर बारीक, म्हणून ठोकलेला आकडा कुठेतरी चुकणारच. किती जागा अडलीय हे सिस्टिमच सांगते, त्याला इन्सेट म्हणतात. कंपोजच्या स्कॅफोल्डने (पानाचा सांगाडा) दिलेलं पॅडिंग खरोखर वापरा. बरेच जण ते घेतात आणि विसरतात. फ्लटरमध्ये ‘सेफएरिया’. कीबोर्ड वर आला की त्याचाही इन्सेट येतो, तोही बघा. आयफोनवाल्यांनी हे २०१७ मध्ये आयफोन एक्सच्या खाचेपायी भोगलं. त्याआधी २०१२ च्या लांबट आयफोन ५ वर जुनी अ‍ॅप वर-खाली काळ्या पट्ट्यांत दिसायची, आणि कुणाचं अ‍ॅप अजून सुधारलेलं नाही ते लांबून कळायचं.

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. घरपोच मालासाठी एका मुलाकडून अ‍ॅप करून घेतोय. अर्धे पैसे दिलेत, अर्धे राहिलेत. त्याने त्याच्या फोनवर दाखवलं, झकास दिसलं. मला यातलं काही कळत नाही. उरलेले पैसे देण्याआधी काय बघू?
— दुकानदार, चाळीसगाव

उत्तर : तुम्हाला सगळं कळतं, फक्त त्याच्या फोनवर बघू नका. गल्ल्यावर बसा आणि फोन गोळा करा. तुमचा एक. घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाचा एक, अक्षरं मोठी केलेला. माल पोचवणाऱ्या पोराचा एक, जितका जुना आणि स्वस्त तितका चांगला. शेजाऱ्याकडे टॅब असेल तर तासभर मागून आणा. आयफोनसाठीही अ‍ॅप करून घेत असाल तर एक आयफोन.

मग प्रत्येकावर गिऱ्हाईक होऊन खरी ऑर्डर द्या. चहा-साखरेची नको, मोठी द्या: वाण्याच्या यादीत सापडेल तो लांबात लांब माल, ‘कोल्हापुरी कांदा लसूण मसाला ५०० ग्रॅम’ असा काहीतरी, आणि बेरीज पाच आकडी होईल इतका. नाव दोन ओळींत गेलं तर जाऊ द्या. भाव, वजन आणि बेरीज यांतला एक आकडा जरी कडेला कापला गेला तरी मुलाला परत पाठवा. दिवाळीच्या याद्या आल्यावर भांडणं तुमच्या गल्ल्यावर होणार आहेत, त्याच्या खोलीवर नाहीत.

पत्त्याच्या पानावर शेवटच्या चौकटीत बोट ठेवा. कीबोर्ड वर आल्यावर तुम्ही काय लिहिताय ते दिसतंय का? तिथूनच अर्धा पत्ता भरून फोन आडवा करा, परत उभा करा. भरलेला पत्ता जागेवर आहे का? भाषा मराठीवरून इंग्रजीवर आणि परत मराठीवर न्या. आणि ‘ऑर्डर द्या’ हे बटण तुमच्या अंगठ्याने, पीठ लागलेल्या हाताने, पहिल्या फटक्यात दाबलं जातंय का, की शेजारचं ‘रद्द’ दाबलं जातं?

जे बिघडेल त्याचा दुसऱ्या फोनने फोटो काढा आणि फोटोखाली लिहा कुणाचा फोन, कोणतं पान. मुलगा चांगला असेल तर त्याला याचा रागही येणार नाही. असे फोटो देणारं गिऱ्हाईक आम्हाला क्वचित मिळतं. बहुतेक दुरुस्त्या एक-दोन दिवसांच्या असतात. तो म्हणाला की ‘काका, तो फोनच जुना आहे’, तर त्याला एवढंच विचारा की दुकानातून रोज माल कुणाच्या फोनवर जाणार आहे.